करडा आणि करडा

गाडीचा रंग चुकला हे मी आजवर एकदाच कबूल केलं आहे, तेही पंचवीस माणसांसमोर, भर दुपारी आणि कामाच्या निमित्ताने. दुसऱ्यांदा करणार नाही. सोसायटीत, सासुरवाडीत आणि पेट्रोलपंपावर या प्रकरणाच्या ज्या तीन हकिकती फिरताहेत त्या तिन्ही खोट्या आहेत. खरी हकिकत मी सांगतो, कारण ती दुसरं कुणी नीट सांगणार नाही.

सुरुवात साडूंनी केली. माझ्या मेहुणीच्या या यजमानांकडे अगदी आमच्यासारखीच गाडी आहे. तीच कंपनी, तेच वर्ष, तोच करडा रंग. फरक एवढाच की त्यांच्या गाडीचे बंपर, आरशांची कव्हरं आणि दारांच्या मुठी गाडीच्या अंगाच्याच रंगात आहेत, आणि आमच्या गाडीच्या काळ्या प्लॅस्टिकच्या. चौदा वर्षं हा फरक माझ्या लक्षातही आला नव्हता. त्या दिवशी दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. साडूंनी आमच्या दाराच्या उन्हाने पांढरट पडलेल्या मुठीवर बोट फिरवलं, बोट डोळ्यांजवळ नेऊन बघितलं आणि म्हणाले, "हं. खालचं मॉडेल." मग त्यांनी माझ्या गुडघ्याची चौकशी केली.

एरवी मी हे गिळलं असतं. साडूंचं बोलणं गिळण्याचा मला चांगला सराव आहे. पण तो आठवडाच वाईट होता.

मी शिवणाच्या दोऱ्याच्या कारखान्यात रंग जुळवतो. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा पाठवतं, त्या रंगाचा दोरा आम्ही रंगवतो, आणि दोरा कापडाशी जुळला की नाही ते मी डोळ्याने बघून सांगतो. मी सही केल्याशिवाय माल बाहेर जात नाही. सत्तावीस वर्षं हेच काम. काळ्या रंगाचे अठ्ठावीस प्रकार मला ओळखता येतात, पांढऱ्याचे मोजणं मी सोडून दिलं आहे. घरात या विद्येचा उपयोग काही नाही. पडदे आणायला मला कुणी नेत नाही, कारण मी बरोबर असलो तर पडदे येत नाहीत.

तर त्या आठवड्यात आमच्या नव्या साहेबांनी रंग मोजायचं मशीन आणलं. कापड त्याच्या तोंडाशी धरायचं, मग दोरा धरायचा, आणि ते दोघांमधला फरक आकड्यात सांगतं. आकडा एकाच्या आत आला की माल पास. साहेबांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, तेव्हाच मी ओळखलं. महिनाअखेरपर्यंत मशीनचा आकडा आणि माझी सही दोन्ही चालू ठेवायचं, त्यानंतर सही बंद आणि मी लेबलांच्या विभागात, असं ठरलं होतं. "आता जरा आराम करा," असं ते म्हणाले. लेबलांच्या विभागात पुठ्ठ्याच्या खोक्यांवर लेबलं चिकटवतात. ती सरळ चिकटली आहेत की नाही हे बघण्यासाठी माझा डोळा वापरला जाणार होता.

अशा आठवड्यात कुणी आपल्या मुठीवरून बोट फिरवू नये. मी घरी जाहीर केलं की गाडीचं सगळं काळं प्लॅस्टिक मी रंगवणार, अंगाच्या रंगात रंगवणार, आणि तो रंग डोळ्याने जुळवणार. जुळलेली जागा साडूंना बोट फिरवून शोधू दे. बायको कपाट आवरत होती. तिने मान वळवून विचारलं, "गाडीला काही त्रास होतोय का काळ्याचा?"

मी म्हणालो, प्रश्न गाडीचा नाही. ती म्हणाली, तेच म्हणतेय मी.

आणखी एक गोष्ट म्हणजे गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत आली होती, आणि नोंदणी वाढवण्यासाठी पुढच्या सोमवारी नोंदणी कार्यालयात तिची तपासणी होती. रंगवलेली, नव्यासारखी गाडी तपासणीला न्यावी यात गैर काही नव्हतं, असं मी हिला पटवलं. म्हणजे ती गप्प बसली.

गाडीच्या रंगाच्या दुकानदाराने पहिला प्रश्न विचारला, रंगाचा नंबर काय. हा नंबर दाराच्या आतल्या बाजूला एका कागदी पट्टीवर छापलेला असतो. चौदा वर्षं गाडी मनापासून धुतल्यामुळे आमच्या पट्टीवर फक्त एक तीन उरला होता. दुकानदार म्हणाला, काही हरकत नाही, पेट्रोलच्या टाकीवरची झडप काढून आणा, कॉम्प्युटरवर लावून पाच मिनिटांत रंग काढून देतो. मी त्याला सांगितलं की झडप मी काढतो, पण कॉम्प्युटरचे कष्ट त्याने घेऊ नयेत. पांढरा, काळा, निळा, पिवळा आणि विटकरी असे पाच छोटे डबे घेऊन मी बाहेर पडलो. तो मागून सांगत होता की प्लॅस्टिक रंग धरत नाही, आधी घासा, मग प्रायमर मारा. तेवढं मी ऐकलं. माझ्यावर हेकेखोरपणाचा आरोप करणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

रंगकाम सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्येच होणार होतं, म्हणून सेक्रेटरींची परवानगी हवी होती. आमचे सेक्रेटरी दुसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य आहेत. त्यामुळे तक्रार करायला तोंड उघडलं की ते आधी दात बघतात. ते म्हणाले, नियमावलीत रंगकाम म्हणजे इमारतीचं रंगकाम, आणि त्याला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. सभा मागच्याच महिन्यात झाली, पुढची पुढच्या वर्षी. मी अर्जात रंगकाम हा शब्द खोडून 'वाहनाच्या प्लॅस्टिक भागांची निगा' असं लिहिलं. त्यावर त्यांनी ताबडतोब सही केली आणि सहीबरोबर सल्लाही दिला. म्हणाले, "दाताचा रंग जुळवायचा असला की मी पेशंटला खुर्चीतून उठवतो आणि खिडकीपाशी नेतो. दिव्याखाली दात वेगळा दिसतो."

मी त्यांच्याकडे बघून हसलो. सत्तावीस वर्षं रंग जुळवणाऱ्या माणसाला, दिवसभर लोकांच्या तोंडात बघणारा माणूस उजेड शिकवतो आहे, हे मला मोठं मौजेचं वाटलं. आता ते हसणं मला परत घ्यावंसं वाटतं.

चार दिवस मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर रंग मिसळले. औषधाच्या ड्रॉपरने थेंब मोजायचे, पुठ्ठ्याच्या कार्डावर पट्टा ओढायचा, कार्डावर नंबर टाकायचा आणि कपड्यांच्या दोरीला चिमट्याने अडकवायचं. एकोणचाळीस कार्डं झाली. हिला ती सगळी एकसारखी दिसत होती. हेच वाक्य मी सत्तावीस वर्षं गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकतो आहे, त्यामुळे रागावलो नाही, फक्त तिला बावीस आणि तेवीसमधला फरक अर्धा तास समजावून सांगितला.

निवड मात्र घरी होणं शक्य नव्हतं. त्यासाठी कारखान्यातली माझी उजेडाची पेटी हवी. ही पेटी म्हणजे आतून करड्या रंगाचा खोका, वर ट्यूबलाइटसारख्या विशिष्ट नळ्या, आत ठेवलेले दोन रंग बाहेरच्या कुठल्याच उजेडाने बिघडत नाहीत. खरं तर माझं टेबल पूर्वी मालाच्या मोठ्या दाराशी होतं. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते मास्तर दोरा कधी आत बघायचेच नाहीत. दारात जायचे, आभाळाकडे पाठ करायचे आणि मग डोळे उघडायचे. तीन वर्षांपूर्वी त्या दाराशी मालाचे रॅक आले, माझं टेबल आतल्या खोलीत गेलं आणि भरपाई म्हणून मला ही पेटी मिळाली. आधी मी तिच्यावर चिडलो होतो. नंतर तिची सवय झाली, आणि सवय झाली की माणसाला ती आपली अक्कल वाटायला लागते.

गाडीची झडप आणि एकोणचाळीस कार्डं मी डब्याच्या पिशवीतून कारखान्यात नेली. जेवणाच्या सुट्टीत खोलीचं दार लावलं आणि पेटीत एकेक कार्ड झडपेशेजारी धरलं. सदतीस नंबर धरला आणि मी उभाच राहिलो. कार्ड कुठे संपतं आणि झडप कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. त्या दिवशी माझ्या भाजीला पेट्रोलचा वास येत होता आणि मी ती आवडीने खाल्ली.

झडप घेऊन दारात जाऊन एकदा बघावं, असं मनात आलं होतं. हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण आवारातला प्रत्येक माणूस साहेबांच्या खिडकीतून दिसतो, आणि कारखान्याच्या वेळेत गाडीचं झाकण उन्हात धरून उभा असलेला माणूस लेबलांच्या विभागात महिनाअखेरीच्या आधीच गेला असता. म्हणून मी ते झाकण परत पिशवीत टाकलं.

तरी व्हायचं ते झालंच. फाटकावरच्या पहारेकऱ्याला आम्ही नोंदवही म्हणतो, कारण तो बोलतो कमी आणि लिहितो फार. संध्याकाळी त्याने पिशवी उघडली, झडप बाहेर काढली आणि वही चाळली. आत येताना हिची नोंद नाही, म्हणजे ही वस्तू कारखान्याची. मी म्हणालो, दोऱ्याच्या कारखान्यात गाडीची झडप कशाला असेल? तो म्हणाला, तेच तर लिहायला लागेल. बाहेर न्यायची तर साहेबांच्या सहीचा गेटपास.

साहेबांनी गेटपासवर सही करता करता विचारलं, हे काय चाललंय. मला खोटं बोलता आलं असतं. पण झडपेवर सदतीस नंबर धरून आलेल्या माणसाला ते जमत नाही. मी सांगितलं की गाडीचा रंग जुळवतोय, डोळ्याने. साहेब म्हणाले, मशीन मोकळं आहे, लावून बघायचं का? त्यांच्या आवाजात खरोखरच आपुलकी होती, त्यामुळेच मला ते जास्त लागलं. मी म्हणालो, "गाडी पूर्ण झाली की मीच आवारात आणून उभी करतो, साहेब. सगळ्यांनी बघा. फरक सापडला तर लेबलं दुसऱ्या दिवसापासून चिकटवतो." नोंदवही माझ्या मागेच उभा होता. त्याने हे लिहून घेतलं नाही, पण त्याच्या लक्षात राहिलं.

रविवारी सकाळी तळघरात काम सुरू झालं. आधी मुठी काढायच्या होत्या. चारही मुठी मी तासाभरात काढल्या, आणि मग लक्षात आलं की मुठीशिवाय दार बाहेरून उघडत नाही आणि दारं मी सवयीने लावून घेतली होती. त्यानंतर दिवसभर गाडीच्या आतली वस्तू हवी असली की मला मागच्या डिकीतून आत शिरावं लागलं. अशा वेळी माणसाचे पायच तेवढे बाहेर राहतात. नेमक्या त्याच वेळी तिसऱ्या मजल्यावरच्या बाई खाली आल्या आणि त्यांनी माझ्या पायांना विचारलं, बरं आहे ना? डाव्या आरशाच्या कव्हराची खुंटी काढताना तुटली, ती मी चिकटवली, ती परत तुटली, तेव्हा कव्हर नुसतं दाबून बसवायचं ठरवलं. पहिला हात वाळत असताना झाडूवाल्याने नेहमीप्रमाणे तळघर झाडलं, त्यामुळे बंपर पुन्हा घासावा लागला. दुसरा हात मी हिच्या केस वाळवायच्या मशीनने वाळवला. ते मशीन आता चालतं, पण आवाज करत नाही आणि गरमही होत नाही.

एवढं सगळं झालं, पण दुपारी चार वाजता मी चिकटपट्ट्या काढल्या आणि मागे सरकलो, तेव्हा ट्यूबलाइटखाली एकसंध करडी गाडी उभी होती. बंपरपासून आरशापर्यंत एकच रंग. साडूंची गाडीही इतकी एकरंगी नव्हती, कारण तिच्या बंपरचा रंग वयाने वेगळा पडला होता. लोक खाली येऊन बघून गेले. ही आली, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "छान झालीय हो." लग्नाला इतकी वर्षं झाली, हिचं असं बोलणं मी बोटावर मोजू शकतो. दंतवैद्यही आले, वाकून बघितलं, वा म्हणाले आणि हळूच विचारलं, "उन्हात पाहिलीत?" मी म्हणालो, उद्या जग बघणारच आहे.

सोमवारी मी नोंदणी कार्यालयाकडे निघालो. गाडी चालवणाऱ्याला आपल्या गाडीचं बाहेरचं अंग दिसत नाही, ही या वाहनाची मूळ रचनाच आहे. लोक वळून बघत होते, हे मात्र मला दिसत होतं. सिग्नलला एक स्कूटरवाला शेजारी थांबला, काचेवर टकटक केली आणि काळजीने म्हणाला, "काका, गाडीला मार लागलाय तुमच्या." मला वाटलं, काहींना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.

तपासणी पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये होती, वर ट्यूबलाइटच्या रांगा. निरीक्षकांनी ब्रेक बघितले, दिवे बघितले, गाडीभोवती फिरून फॉर्मवर 'रंग: करडा' लिहिलं आणि शिक्का मारला. बंपर बॉडीच्याच रंगाचा आहे हे त्यांनी आपणहून म्हटलं आणि मी मान किंचित लववली. मग गाडी फोटोसाठी बाहेर उन्हात नेली. फोटो काढणारा कारकून कॅमेऱ्यातून बघायचा, कॅमेरा पुसायचा, पुन्हा बघायचा. शेवटी त्याने निरीक्षकांना हाक मारली. तेव्हा मी गाडीतून उतरलो.

गाडी करडीच होती. पण तिचे दोन्ही बंपर, आरसे आणि मुठी जांभळट दिसत होत्या. थंडीने ओठ निळेजांभळे पडावेत, तशी ती भर उन्हात कुडकुडत उभी होती. मी झडपेकडे बघितलं, मुठीकडे बघितलं, डोळे मिटून उघडले. सदतीस नंबर उघड उघड जांभळा होता. साडू, साहेब, मशीन, लेबलं, सगळे एका रांगेत डोळ्यांपुढून गेले, आणि रांगेच्या शेवटी आभाळाकडे पाठ करून आमचे मास्तर उभे होते.

निरीक्षक म्हणाले, गाडी दोन रंगांची आहे. मी म्हणालो, तुमचा शिक्का एका रंगाचा आहे. ते म्हणाले, शिक्का आत मारला. मी म्हणालो, मग गाडी आत घेऊ. गाडी आत घेतली. एक रंग. बाहेर आणली. दोन रंग. असं दोनदा झालं आणि मागे रांगेतल्या गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले. अशा वेळी खरं तर माणसाने शरमिंदं व्हावं, पण मला भलताच जोर चढला. मी विचारलं, कायद्यात रंग कुठल्या उजेडात बघायचा ते लिहिलंय का? त्यांनी पुस्तक काढलं. नव्हतं लिहिलेलं. फॉर्मवर दुसऱ्या रंगासाठी एक चौकोन असतो, त्यात काय लिहू, असं त्यांनी विचारलं. जांभळा लिहिला तर रंगबदलाचा वेगळा अर्ज, वेगळी तपासणी आणि आधी परवानगी का घेतली नाही याचं स्पष्टीकरण. मी म्हणालो, तो करडाच आहे. ते म्हणाले, पहिला करडा आहे ना? मी म्हणालो, हा दुसरा. शेवटी त्यांनी घामाघूम होऊन लिहिलं: करडा आणि करडा. आमच्या गाडीच्या कागदावर आजही तसंच आहे. कुणाला बघायचं असल्यास मी दाखवतो.

घरी आल्यावर ही खिडकीतून खाली बघत होती. ती हसली नाही. तिने फक्त विचारलं, आता परत काळं करणार का? मी म्हणालो, अजिबात नाही. दंतवैद्य जिन्यात भेटले आणि काहीही बोलले नाहीत. त्यांच्या त्या न बोलण्याचा मला मनापासून राग आला. दुपारीच साडूंचा फोन आला, बातमी एवढ्या लांब कशी पोचली देव जाणे. ते गाडीबद्दल चकार शब्द बोलले नाहीत, फक्त माझ्या डोळ्यांची चौकशी केली आणि चांगल्या डॉक्टरांचा नंबर दिला.

मंगळवारी मी गाडी कारखान्यामागच्या गल्लीत कव्हर घालून उभी केली आणि पायी आत गेलो. टेबलाशी बसलो आणि समोरची फाइल उघडली. वरच्याच कागदावर करड्या दोऱ्याचा एक मोठा लॉट होता, शाळेच्या गणवेशांसाठी. गेल्या आठवड्यात मशीनने पास केलेला, मी पेटीत बघून सही केलेला, दुपारी ट्रकमध्ये चढणारा. रंगखात्याने या वेळी नवी कृती वापरली होती, म्हणजे करडा तोच पण वेगळ्या रंगांच्या मिश्रणातून, आणि असे दोन करडे एका उजेडात जुळले तरी दुसऱ्यात फुटू शकतात. मी त्या कागदाकडे बघत बसलो. दोन करडे, एक उजेड, एक सही. असं मी नुकतंच कुठेतरी बघितलं होतं.

दोऱ्याचा एक कोन, म्हणजे शंकूच्या आकाराचं रीळ, आणि कापडाचा तुकडा घेऊन मी सरळ फाटकाशी गेलो. नोंदवहीने गेटपास मागितला. मी म्हणालो, बाहेर नेत नाही, फक्त उन्हात धरतो. त्याने ते लिहिलं. मी आभाळाकडे पाठ केली आणि डोळे उघडले. कापड करडं होतं. दोरा जांभळट होता.

मी साहेबांकडे गेलो आणि म्हणालो, ट्रक थांबवा. साहेबांनी मशीन लावलं. आकडा आला शून्य पूर्णांक चार. त्यांनी फाइल माझ्यापुढे सरकवली, तिच्यावर माझीच सही होती. मग फाटकाशी येऊन त्यांनी कोन आणि कापड बघितलं, इकडून बघितलं, तिकडून बघितलं, आणि म्हणाले, मला काही विशेष दिसत नाही. एवढ्याशा दोऱ्यात खरोखरच सगळ्यांना दिसत नाही. हजार गणवेशांवर शिवण बसली की दिसतं, आणि तेव्हा तो माल परत येतो. साहेब सौम्यपणे म्हणाले, "या वयात डोळा थोडा इकडे तिकडे होतो. त्याचसाठी मशीन आणलंय."

आता दोनच गोष्टी शक्य होत्या. गप्प बसायचं. लॉट परत आला असता, पण तिथे एकटी माझी सहीच नव्हती, मशीनचा आकडाही होता, आणि तोपर्यंत मी लेबलं चिकटवत असतो. किंवा गल्लीत जायचं.

मी गल्लीत गेलो, कव्हर ओढून काढलं आणि गाडी फाटकातून आत आणली. नोंदवहीने नंबर लिहिला, रंगाच्या रकान्याशी पेन थांबवलं आणि कागदपत्रं मागितली. मग त्याने करडा आणि करडा असं वाचून तसंच उतरवून घेतलं. गाडी मी आधी माल चढवायच्या छपराखाली ट्यूबलाइटमध्ये उभी केली. हमाल, रंगखात्याचे लोक, पॅकिंगच्या बायका, सगळे जमले. मी डाव्या आरशाचं कव्हर उचकटलं, ते तुटक्या खुंटीमुळे लगेच निघालं, आणि पेट्रोलची झडप काढली. दोन्ही वस्तू साहेबांच्या हातात देऊन म्हणालो, मशीनला लावा. आकडा आला शून्य पूर्णांक तीन. साहेबांनी आकडा मोठ्याने वाचला. तो दोऱ्याच्या आकड्यापेक्षाही चांगला होता.

"पास?" मी विचारलं.

"पास," साहेब म्हणाले.

मग मी गाडीत बसलो आणि ती वीस पावलं पुढे, उन्हात नेली.

मागच्या रांगेतला एक हमाल हसला. मी गाडीशेजारी उभा राहिलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "हा रंग मी जुळवला. पेटीत बघून, दार लावून. चुकला. तुमचं मशीनही चुकलं. आपण दोघांनीही दारात येऊन बघितलं नाही. तो दोराही असाच आहे, साहेब. ट्रक सोडू नका."

सगळ्यांसमोर हे बोलताना माझे कान गरम झाले होते. पण पायाखाली जमीन होती, ती गेल्या आठवड्यापेक्षा घट्ट होती.

साहेब बंपरकडे बघत होते. मग त्यांनी कोन आणि कापड मागितलं, बंपरशेजारी धरलं आणि पुन्हा बघितलं. या वेळी त्यांना दिसलं. एकदा एवढा मोठा फरक बघितलेल्या डोळ्याला छोटाही दिसतो, हे आमच्या धंद्यातलं जुनं सत्य आहे. त्यांनी ट्रक थांबवला. नंतर मशीनचं पुस्तक काढून बसले, तेव्हा कळलं की मशीनमध्ये सूर्यप्रकाशाचीही सोय आहे, बसवणाऱ्याने ती निवडलीच नव्हती आणि आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं. हे साहेबांनी मला स्वतः येऊन सांगितलं. असा माणूस मशीन आणतो याचं वाईट वाटतं, पण माणूस वाईट नाही.

लेबलांचं त्यांनी पुन्हा काढलं नाही. मीच काढलं. म्हणालो, पैज लावली होती, फरक सापडला आहे. साहेब म्हणाले, फरक तुम्हीच शोधलात, मग पैज कुणी हरली ते मला कळत नाही. आता दोऱ्याला सूर्यप्रकाशाचा आकडाही लागतो आणि माझी सहीही लागते, आणि सही दारातच करायची असा लेखी हुकूम आहे. रॅक हलले. माझं टेबल पुन्हा मोठ्या दाराशी आलं.

साडू गेल्या रविवारी आले होते. रस्त्यावर उभ्या असलेल्या आमच्या गाडीपाशी थांबले, मुठीवर बोट फिरवलं, बोट डोळ्यांजवळ नेलं. "चुकलाच म्हणायचा ना शेवटी रंग?" असं त्यांनी विचारलं. मी किल्ली काढली, त्यांना शेजारी बसवलं आणि गाडी तळघरात नेली. ट्यूबलाइटखाली त्यांना खाली उतरवलं आणि म्हणालो, आता सांगा. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग आपल्या बंपरचा रंग वेगळा पडला आहे, त्याचं काय करता येईल, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, बघू, आधी दारात आणा.

गाडी मी परत रंगवणार नाही. ही आता विचारतही नाही. कारखान्यात नवीन आलेल्या माणसाला मी काहीही शिकवायच्या आधी त्या गाडीपाशी नेतो, आधी छपराखाली, मग बाहेर. निवृत्तीला अजून चार वर्षं आहेत. तोवर ती माझ्या टेबलासमोर रोज तिथेच उभी राहील, भर उन्हात, कव्हर न घालता.